एका नावाचे दोन रॉस

२००६ साली रिक रॉस या रॅपरचा ‘पोर्ट ऑफ मायामी’ हा पहिला अल्बम आला आणि थेट बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. गाणी कोकेनच्या धंद्याची. बंदरात उतरणारा माल, गाड्या, बंगले आणि हे सगळं सांगणारा घोगरा, भारदस्त आवाज. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस कालपर्यंत गल्ल्यावरच बसलेला असणार. दोन वर्षांनी एक छायाचित्र बाहेर आलं. त्यात तो फ्लोरिडातल्या तुरुंगरक्षकाच्या गणवेशात उभा होता. खरं नाव विल्यम रॉबर्ट्स. १९९५ च्या अखेरीपासून दीडेक वर्ष त्याने ही नोकरी केली होती. आधी त्याने साफ नाकारलं, नंतर कबूल केलं.

‘रिक रॉस’ हे नावही उसनं होतं. ते लॉस एंजेलिसच्या ‘फ्रीवे’ रिक रॉसचं. ऐंशीच्या दशकात क्रॅकच्या, म्हणजे कोकेनपासून बनणाऱ्या स्वस्त खड्यांच्या व्यापारातलं ते मोठं नाव होतं. शाळेत हा मुलगा टेनिस उत्तम खेळायचा. पण त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून कॉलेजची दारं बंद झाली. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

सोंग घेतल्याबद्दल रॉबर्ट्सला मी दोष देणार नाही. कलावंत सोंग घेतोच. मला अस्वस्थ करते ती मागणी. इमानदारीने पगार घेणाऱ्या रक्षकाला आपली ती नोकरी लपवावीशी वाटली आणि विष विकणाऱ्याचं नाव मिरवावंसं वाटलं, कारण गिऱ्हाईक त्या नावाला होतं.

रॅप पहिल्यापासून असं नव्हतं. १९८३ चं ‘व्हाइट लाइन्स’ हे गाजलेलं गाणं कोकेनपासून सावध करणारं होतं. बर्कलेच्या संशोधक डेनिस हर्ड यांनी लोकप्रिय रॅप गाण्यांची छाननी केली. १९७९ ते १९८४ मधल्या गाण्यांपैकी ११ टक्क्यांत अमली पदार्थांचा उल्लेख सापडला. १९९३ नंतरच्या गाण्यांत तो ६९ टक्क्यांवर गेला होता. मधल्या काळात कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत क्रॅक शिरलं होतं, आणि पाठोपाठ १९८६ चा कायदा. पाच ग्रॅम क्रॅक सापडलं तरी किमान पाच वर्षं कैद. तेवढ्याच शिक्षेसाठी कोकेनची पूड मात्र पाचशे ग्रॅम लागायची. २०१० पर्यंत हे प्रमाण तसंच राहिलं. नोटोरियस बी.आय.जी. किंवा जे-झी या रॅपरांनी ब्रुकलिनच्या रस्त्यावर स्वतः माल विकला होता. त्यांच्या गाण्यांत पैशाच्या रुबाबाशेजारी भीतीही आहे. नक्कल करणाऱ्यांनी रुबाब तेवढा उचलला.

त्या रुबाबाचा हिशेब मांडला अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि समाजशास्त्रज्ञ सुधीर वेंकटेश यांनी. शिकागोच्या एका टोळीच्या जमाखर्चाच्या वह्याच वेंकटेश यांच्या हाती लागल्या. नाक्यावर उभं राहून पुड्या विकणाऱ्या पोरांना तासाला साधारण ३.३० डॉलर पडत होते. सरकारी किमान वेतनाहूनही कमी. वह्यांत नोंदलेल्या काळात टोळीत टिकलेल्यांपैकी चौघांत एक मेला. कित्येक जण आईच्याच घरी राहायचे. वरच्या मूठभरांचं बरं चाललं होतं आणि खालचा प्रत्येक जण आपण वर जाऊ या आशेवर उभा होता. गाणं त्या मूठभरांचंच असतं. तीन डॉलरवाल्या पोराचं गाणं कोण काढणार? चौघांतला एक तर ते गाण्याइतका जगतच नाही.

तरी गाण्यांवर बंदी मागणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. अमेरिकेत सरकारी वकील रॅपच्या ओळी पुरावा म्हणून न्यायालयात वाचून दाखवत आले आहेत, आणि कल्पनेतल्या बढाईपायी माणूस खरोखर तुरुंगात जाणं भयंकर आहे. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून या प्रकाराला आवर घातला, हे चांगलंच झालं.

‘फ्रीवे’ रॉस तुरुंगात अठ्ठाविशीत वाचायला शिकला. पुढे जन्मठेप झाल्यावर कायद्याची पुस्तकं वाचता वाचता आपल्याच शिक्षेतली चूक त्याला सापडली. शिक्षा घटली, २००९ मध्ये तो सुटला. नाव वापरल्याबद्दल त्याने रॅपरवर दावा लावला. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला: रॅपरची निर्मिती ही स्वतंत्र कला आहे, तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. नाव रॅपरकडेच राहिलं.