ओटीपोटाचे दुखणे : कोणती तपासणी केव्हा?



हंगामात फडावर फिरताना नेहमी कानी येते, "पोट दुखतंय, पण तोडणी उरकली की बघू." काहीजण उलट डॉक्टरांना न दाखवता थेट "मोठा स्कॅन काढा" म्हणतात. दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत.

उसाची पक्वता ब्रिक्स पाहून कळते, जमीन चोपण झाली की नाही हे माती परीक्षणाने कळते. एकाचे काम दुसरे करीत नाही. पोटाचेही तसेच. आधी डॉक्टरांनी पोट हाताने तपासावे. शंका कशाची, त्यावर यंत्र ठरते.

१) साधा एक्स-रे : आतडे अडकले वा फुटले असल्यास काही कळते. अपेंडिक्सच्या निदानाला फारसा कामाचा नाही.

२) सोनोग्राफी : यात क्ष-किरण नसतात. मूल होण्याच्या वयातील स्त्रीची आधी लघवीवरून गर्भाची चाचणी, मग सोनोग्राफी करतात. गर्भ नळीत राहिला असेल तर आत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून पाळी चुकल्याचे डॉक्टरांपासून लपवू नये.

३) सी.टी. स्कॅन : मोठ्या माणसाचे अपेंडिक्स, मोठ्या आतड्याची सूज, मूत्रनलिकेतील खडा यांसाठी खात्रीचा. खड्यासाठी शिरेतून औषध न देता, कमी किरणांचा सी.टी. बहुधा पुरतो. इतर वेळी औषध टोचावे लागते. तेव्हा किडनीचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या व पूर्वीची ॲलर्जी आधीच सांगावी. पोटाच्या एका सी.टी.त छातीच्या एक्स-रेच्या कितीतरी पट किरण अंगावर येतात. म्हणून हौसेने काढू नये, आणि डॉक्टरांनी गरज सांगितली तर भिऊन टाळूही नये.

४) एम.आर.आय. : गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीत उलगडा न झाल्यास उपयोगी. अंगात पेसमेकर वा धातू असल्यास आधी सांगावे.

पोट लाकडासारखे टणक होणे, ताप, न थांबणारी उलटी, भोवळ, लघवी तुंबणे यांपैकी काही दिसले तर रिपोर्टची वाट न बघता इस्पितळ गाठावे. तरुण मुलाचे ओटीपोट व अंडकोष एकाएकी दुखू लागल्यास अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो. तो ६ तासांच्या आत सोडवावा लागतो. मुलगा लाजेने सांगत नाही, म्हणून घरच्यांनीच विचारावे.

ऊस चार दिवस उशिरा तुटला तर वजनात थोडे जाईल. फुटलेले अपेंडिक्स तेवढी मुदत देत नाही. तरी सर्व सभासदांनी हे घरी वाचून दाखवावे, तोडणी मजुरांनाही सांगावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी