फडावरची गरोदर बाई

दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगरच्या कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. तोड आली की आपण बागायतदार सुटकेचा श्वास टाकतो. फडालगतच्या कोप्यांत एखादी पाच-सहा महिन्यांची गरोदर बाईही उतरलेली असते, तिकडे लक्ष जात नाही.

तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. फेडायची मात्र दोघांनी. खाडा झाला की दंड. दिवस गेलेल्या बाईला मोळी पेलेना, टनेज घटले, की मुकादम नवऱ्यावर ओरडतो आणि नवरा कोपीत येऊन बायकोवर हात टाकतो. सगळे असे नसतात. गडीही कर्जाने पिचलेला असतो, हे खरे. पण तोच गडी मुकादमावर हात उगारीत नाही, तेव्हा ही सबब मला पटत नाही.

गावी असती तर शेजारीण मध्ये पडली असती, भाऊ धावून आला असता. इथे माहेर दोन-तीनशे किलोमीटरवर. निघून जावे तर कोयता मोडतो, उचल अंगावर राहते. 2019 साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न गाजला, समिती नेमली गेली. कोपीतली मारहाण मात्र कोपीतच राहते.

पोटावर लाथ-बुक्की बसली तर वार आतून सुटू शकते. मग रक्तस्राव होतो, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण होते, कधी मूल पोटातच दगावते. वरून वळ दिसत नसला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अंगावरून रक्त जात असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर 108 ला फोन करून गाडी बोलवावी.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर बाईची कमाई हिरावणेही येते. बाई तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. त्यासाठी बीडला जावे लागत नाही. संरक्षण अधिकारी अर्जाला मदत करतात. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे.

घरातल्या बायकांना एक सांगणे. तोडकरी बाई पाण्याला विहिरीवर आली की ती एकटी असताना विचारा. नवरा किंवा मुकादम जवळ असेल तर मुळीच नको, रात्री तिलाच भोगावे लागेल. माता-बाल संरक्षण कार्ड आणले आहे का, तेही विचारा. नसेल तरी आपल्या गावच्या आशाताईंकडे आणि अंगणवाडीत तिला घेऊन जा. ती लगेच काही बोलणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बोलते.