छायाचित्रांवरून हॉवरफ्लायच्या सदृश जातींची ओळख : स्वरूप व मर्यादा

सिर्फिडी कुळातील हॉवरफ्लाय माश्या फुलांजवळ हवेत एका जागी स्थिर राहू शकतात. जैवविविधतेच्या नोंदींसाठी त्यांच्या छायाचित्रांचा मोठा उपयोग होतो. परंतु छायाचित्र स्पष्ट असले म्हणजे जात निश्चित होतेच असे नाही. ब्रिटनमध्ये सर्रास आढळणाऱ्या सिर्फस प्रजातीतील रिबेसाय, व्हिट्रिपेनिस व टॉर्व्हस या तीन जाती याचे उत्तम उदाहरण होत. तिन्हींच्या काळ्या उदरावर पिवळे पट्टे असतात.

प्रथम डोळे पाहावेत. टॉर्व्हसच्या डोळ्यांवर केस असतात. मादीत ते विरळ असतात. नंतर लिंग ठरवावे. नराचे डोळे माथ्यावर एकमेकांस भिडतात, मादीचे विलग असतात. रिबेसायच्या मादीची मागील मांडी पिवळी, तर व्हिट्रिपेनिसच्या मादीची बहुतांशी काळी असते. नरांत मात्र हा भेद उपयोगी पडत नाही. तेथे पंखाच्या बुडाशी असलेल्या दुसऱ्या कोष्ठावरील सूक्ष्म रोम पाहावे लागतात. रिबेसायमध्ये ते सर्वत्र असतात, व्हिट्रिपेनिसमध्ये काही भाग रोमरहित असतो. हे लक्षण सामान्य छायाचित्रात दिसत नाही.

सबब, पाठीकडून घेतलेल्या छायाचित्रासोबत डोळे व मागील पाय दर्शविणारी छायाचित्रेही आवश्यक ठरतात. निर्णायक लक्षण न दिसल्यास 'सिर्फस' एवढीच नोंद करणे शास्त्रशुद्ध होय. चुकीच्या जातिनामाने जातींच्या प्रसाराचे नकाशे सदोष होतात. प्रजातीपुरती नोंद अपुरी असली तरी दिशाभूल करीत नाही.