पीएसए करावी की करू नये?

हल्ली यवतमाळात, पुसदला, वणीला ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची पॅकेजे मिळतात. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाच्या पॅकेजात बहुधा पीएसए ही रक्ततपासणी असते. आकडा वाढलेला दिसला की मंडळी धास्तावून दवाखान्यात येतात. रक्त देण्यापूर्वी मात्र सहसा कोणी विचारत नाही.

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असते. पीएसए हे तिने तयार केलेले प्रथिन. कर्करोगात ते रक्तात वाढते. पण वयोमानाने ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला किंवा नुकतीच लघवीची नळी घातली असली, तरीही वाढते. उलट फिनास्टेराइडची गोळी चालू असल्यास काही महिन्यांत आकडा जवळपास निम्मा होतो. म्हणून चारच्या वर म्हणजे कर्करोग, हे समीकरण चूक आहे.

मग फायदा किती? युरोपातील मोठ्या अभ्यासाचे 23 वर्षांचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. तपासणीला न बोलावलेल्या दर हजार पुरुषांत सुमारे 16 जण या कर्करोगाने दगावले, बोलावलेल्यांत सुमारे 14. दोन जीव वाचले. ज्याच्या घरचा माणूस वाचला त्याला हे थोडे नाही. पण हजारी 27 जणांत कर्करोगाचे जादा निदान झाले. यातले बरेच रोग इतके मंद, की जन्मभर त्रास झाला नसता.

पण कर्करोग म्हटले की ‘काढूनच टाका’ असा घरच्यांचा आग्रह! शस्त्रक्रियेनंतर काहींचा लघवीवरचा ताबा सुटतो, अनेकांना लैंगिक दुर्बलता येते. हे दुखणे आपल्याकडे पुरुष बायकोपाशीही बोलत नाही. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरत्या मर्यादित रोगाचे रुग्ण 15 वर्षे पाहिले. शस्त्रक्रिया, किरणोपचार वा नियमित देखरेख, तिन्ही गटांत या रोगाने दगावलेले शेकडा तीनच्या आसपास.

वय 55 ते 69 असेल, प्रकृती ठणठणीत असेल आणि हे सारे समजून घेतले असेल, तर तपासणी जरूर करा. वडिलांना वा भावाला हा रोग झाला असल्यास त्याआधीच डॉक्टरांशी बोला. सत्तरीनंतर, तक्रार नसताना, मी ती सुचवत नाही. आकडा वाढलेला आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करा; तरीही वाढलेलाच असेल तर एमआरआय, आणि गरज भासली तरच सुईने तुकडा काढणे.

(खर्रा तोंडात ठेवून पीएसएचा रिपोर्ट दाखवणाऱ्याला मी आधी आ करायला सांगतो. त्या तपासणीला पैसे पडत नाहीत.)

लघवीची धार बारीक होणे, लघवीतून रक्त जाणे, कंबरेची हाडे सतत दुखणे, यांना मात्र वरचा हिशेब लागू नाही. ‘वयच झालं’ म्हणून घरी बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.