भिंतीवरचे लिंकन, कोर्टातले लिंकन

महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीत एक चौकट दिसते. अब्राहम लिंकन यांनी आपल्या मुलाच्या शिक्षकांना लिहिलेले पत्र. वसंत बापट यांच्या मराठी शब्दांमुळे ते घरोघरी पोचले. त्याच्या जोडीला लिंकन यांच्या अपयशांची एक यादीही भाषणांतून फिरत असते. या दोहोंमधून जे लिंकन आपल्या मनात ठसले, ते खऱ्या लिंकन यांच्यापेक्षा बरेच वेगळे आहेत. खरे लिंकन राष्ट्राध्यक्ष होण्याआधी सुमारे २४ वर्षे इलिनॉय राज्यात वकिली करत होते.

गैरसमज : आयुष्यभर हरत राहिले आणि एकदम राष्ट्राध्यक्ष झाले.

वस्तुस्थिती : ती यादी फक्त पराभव मोजते. १८३२ मध्ये ते राज्य विधिमंडळाची निवडणूक हरले हे खरे. पण ज्या न्यू सेलम गावात लोक त्यांना ओळखत होते, तिथल्या ३०० मतांपैकी २७७ त्यांना मिळाली होती. १८३४ मध्ये ते निवडून आले आणि लागोपाठ चार वेळा निवडून येत राहिले. १८४६ मध्ये ते अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले. १८५८ मध्ये सिनेटची जागा प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांच्याकडे गेली, पण त्या काळी सिनेटर थेट जनता निवडत नसे, राज्यांची विधिमंडळे निवडत. थोडक्यात, १८६० साली जिंकलेला उमेदवार मुरलेला राजकारणी होता.

गैरसमज : ते फक्त गोरगरिबांचे वकील होते.

वस्तुस्थिती : शाळेत ते सगळे मिळून वर्षभरही गेले नव्हते. कायद्याची पुस्तके उसनी आणून स्वतःच वाचली आणि १८३६ मध्ये वकिलीची सनद मिळवली. वसंतात आणि शरदात न्यायाधीश आणि वकील मिळून गावोगावच्या कोर्टांत फिरत. आधी घोड्यावरून, पुढे बग्गीतून. खाणावळीत एका खाटेवर दोघे झोपत. महत्त्वाचे कागद लिंकन आपल्या उंच टोपीत ठेवत. नोंदी उपलब्ध असलेल्या त्यांच्या खटल्यांची संख्या पाच हजारांच्या वर जाते आणि त्यांतले बहुसंख्य साध्या कर्जवसुलीचे आहेत. त्यांच्या अशिलांत रेल्वे कंपन्याही होत्या. इलिनॉय सेंट्रल रेल्वेला एका काउंटीने लावलेल्या कराचा दावा त्यांनी कंपनीच्या बाजूने जिंकला, ५,००० डॉलरचे बिल दिले, आणि पैसे मिळेनात तेव्हा १८५७ मध्ये त्याच कंपनीवर फिर्याद करून ते वसूल केले.

गैरसमज : खुनाचा प्रसिद्ध खटला त्यांनी खोटे पंचांग दाखवून जिंकला.

वस्तुस्थिती : १८५८ च्या मे महिन्यात बिअर्डसटाउनच्या कोर्टात डफ आर्मस्ट्राँग या तरुणावर खुनाचा खटला चालला. त्याचे वडील लिंकन यांचे न्यू सेलममधले जुने मित्र. वडील नुकतेच गेले होते. लिंकन यांनी फी घेतली नाही. मुख्य साक्षीदार म्हणत होता, रात्री अकराच्या सुमारास आपण दीडशे फुटांवरून, डोक्यावर आलेल्या चंद्राच्या लख्ख उजेडात मारहाण पाहिली. उलटतपासणीत लिंकन यांनी त्याच्याकडून चंद्राचा तपशील पुन्हा पुन्हा वदवून घेतला. मग १८५७ चे पंचांग ज्यूरीसमोर ठेवले. २९ ऑगस्टच्या त्या रात्री त्या वेळी चंद्र डोक्यावर नव्हता, क्षितिजाकडे झुकला होता. डफ सुटला. पंचांग बनावट असल्याची कुजबुज लगेच सुरू झाली आणि पुढेही चालू राहिली. खगोलशास्त्रज्ञांनी नंतर गणित मांडून पाहिले, तेव्हा चंद्र मध्यरात्र उलटताच मावळल्याचेच निघाले. पंचांग खरे होते.

गैरसमज : गुलामांच्या मालकाची बाजू त्यांनी कधीच घेतली नाही.

वस्तुस्थिती : घेतली, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. १८४१ मध्ये नान्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीची विक्री बेकायदा ठरवणारा निकाल त्यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातून मिळवला होता. पण १८४७ मध्ये केंटकीचा जमीनदार रॉबर्ट मॅटसन जेन ब्रायंट आणि तिची मुले आपले गुलाम म्हणून परत मागत कोर्टात आला, तेव्हा लिंकन मॅटसनच्या बाजूने उभे राहिले. ते हरले, जेन आणि मुले मुक्त झाली. १८५४ नंतर मात्र गुलामगिरीचा फैलाव रोखणे हाच त्यांच्या राजकारणाचा गाभा झाला. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा यादवी युद्धातल्या बंडखोर प्रदेशांपुरता होता. देशभरची बंदी १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने आली. एवढी वाट चालून आलेला माणूस जन्मजात संतापेक्षा अधिक अभ्यासण्याजोगा आहे.

गैरसमज : ते पत्र लिंकन यांचे आहे.

वस्तुस्थिती : १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या समग्र लेखनात ते नाही. त्यांच्या मुलांच्या आयुष्यातही त्याला जागा सापडत नाही. एडी १८५० मध्ये चार वर्षांचाही होण्याआधी गेला. थोरला रॉबर्ट १८६० मध्ये हार्वर्डला गेला होता. विली आणि टॅड यांना व्हाइट हाउसमध्ये घरीच शिक्षक येत.

चौकट उतरवण्याची गरज नाही. मजकूर मुलांना आवडतो, तर असू द्या. फक्त खालचे लिंकन यांचे नाव काढून तिथे लिहा : मूळ लेखक अज्ञात, मराठी शब्द वसंत बापट यांचे.