समुद्र खवळला, पण कुणासाठी?

पाण्याखालून वर निघालेला आवाज हवेत जवळजवळ शिरतच नाही. पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेत जेमतेम ३४०. शिवाय पाणी हवेच्या सुमारे आठशेपट घन. म्हणून समुद्राचा पृष्ठभाग खालून आलेला आवाज माघारी धाडतो. पाणी संथ असेल, तर आरशासारखा चोख. पण पावसाळ्यातला अरबी समुद्र संथ कुठला?

तरीही लाटा उठल्या की आरसा मोडलाच, असं सरसकट म्हणता येत नाही. समजा, पृष्ठभाग अर्धा मीटर खालीवर होतोय. जहाजाच्या पंख्याच्या १०० हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी १५ मीटर. तिच्या लेखी हा समुद्र सपाटच. पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या सोनार यंत्राच्या १० किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी मात्र १५ सेंटिमीटर. त्याला तोच समुद्र डोंगरदऱ्यांचा वाटतो. कोनही महत्त्वाचा. पृष्ठभागाला घासून जाणाऱ्या आवाजाला हा खडबडीतपणा कमी जाणवतो, सरळ वर जाणाऱ्याला जास्त. लॉर्ड रॅले यांच्या नावाचा निकष सांगतो तो हाच हिशेब.

आवाज आल्या वाटेने परत फेकण्याचं काम सगळ्याच लाटा करत नाहीत. १ किलोहर्ट्झचा आवाज अगदी तिरका आला, तर ते मुख्यतः पाऊण मीटर लांबीच्या लाटांकडे असतं, म्हणजे त्याच्या तरंगलांबीच्या निम्म्या. अशा लाटांच्या लागोपाठच्या शिखरांवरून परतणारे आवाज एका तालात पडतात आणि प्रतिध्वनी बळावतो. लाट सोनारकडे येत असेल तर त्याचा सूर किंचित चढतो, दूर जात असेल तर उतरतो.

वारा वाढला की प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. लाट फुटते, फेसाबरोबर हवा पाण्यात ओढली जाते आणि बुडबुड्यांचे ढग तयार होतात. मिनार्ट या डच शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये दाखवलं, की बुडबुड्याचा स्वतःचा सूर असतो: पृष्ठभागाजवळ १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा ३ किलोहर्ट्झच्या आसपास वाजतो, लहान बुडबुड्यांचा सूर त्याहून वरचा. आपल्या सुराचा आवाज आला की बुडबुडा तो शोषतो आणि चौफेर विखुरतो. खवळलेल्या पाण्यात फिशफाइंडरच्या पडद्यावर वरच्या भागात जो गोंधळ दिसतो, त्यात या बुडबुड्यांचा मोठा वाटा असतो. मासळीची खूण त्यात सहज बुडते.

मध्य अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वारे वरचं पाणी खोलवर ढवळतात. त्या थरात तापमान जवळपास सारखं राहतं, पण दाबामुळे खाली आवाजाचा वेग थोडा वाढतो आणि आवाज वर वळतो. तो पुन्हापुन्हा लाटांवर आदळतो, दर धडकेत थोडा विखुरतो. वाट मिळते, पण चालताना खिसा रिकामा होतो.

म्हणून पाणबुडी शोधणाऱ्याला पाण्याच्या खोलीइतकीच वाऱ्याची चौकशी करावी लागते. उलटंही जमतं: नव्या बुडबुड्यांचा गोंगाट ऐकून पाण्याखालचा हायड्रोफोन वर वारा किती, याचा अंदाज देतो. वादळात तरंगती उपकरणं टिकणं मुश्कील, तिथे ही युक्ती कामाला येते.