दगडाची भिंत वाचता येते का?

बदलापूरकर मुलांनो, मुंबईकडची लोकल पकडा. उल्हासनगरकरांनो, तुम्ही कर्जतकडची. सगळ्यांनी उतरायचं अंबरनाथला. स्टेशनच्या पूर्वेला, वालधुनीच्या काठी, काळ्या बसाल्टचं शिवमंदिर आहे. त्याचं वय तिथल्या शिलालेखातच आहे: शके 982. त्यात 78 मिळवले की इसवी सन निघतो. करा बेरीज. बरोबर, 1060! तेव्हा इथे शिलाहार राजा मम्वाणीचं राज्य होतं.

त्या काळी वाचता येणारी माणसं थोडीच. मग देवांचं जग दाखवायचं कसं? भिंतीवर! पण ही भिंत वाचायची खालून वर. तळाशी डोळे वटारलेली कीर्तिमुखं, मग हत्तींची रांग, मग माणसं आणि त्यांच्या वर देव. सगळ्यांच्या वर शिखर, म्हणजे जणू कैलास. त्याचा माथा आज नाही, त्यामुळे पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं आणि वर पाहिलं की थेट आभाळ दिसतं.

एवढ्या गर्दीत कोण कोणता देव? लोकलच्या डब्यावर बाईचं चित्र दिसलं की पाटी न वाचताही महिलांचा डबा कळतो ना? इथेही तसंच. चेहऱ्याकडे बघूच नका, साडेनऊशेहून जास्त पावसाळ्यांनी नाकं-डोळे झिजवलेत. हात बघा, पायाशी बघा. त्रिशूळ आणि नंदी? शंकर. शंख-चक्र? विष्णू. दाढी, कमंडलू आणि हंस? ब्रह्मदेव. त्याची तोंडं मोजलीत तर तीनच भरतील. चौथं भिंतीकडे आहे, ते आपण समजून घ्यायचं! मला ही युक्ती फार आवडते. हत्तीचं कातडं डोक्यावर ताणून नाचणारा शंकर दिसला, तर त्याने नुकतंच गजासुराला मारलंय.

आता जरा लांब जाऊ. स्पेनमध्ये, पिरेनीज डोंगरात, ताउल गावी 1123 सालचं एक चर्च आहे. तिथे भिंतीवर रंगवलेला स्वर्ग होता. मूळ चित्र आता बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. अशी भित्तिचित्रं ओल्या चुन्यावर काढतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्यातच अडकतो. चित्रात मधोमध येशू, पायाखाली गोल. भोवती पंखवाला माणूस, सिंह, बैल आणि गरुड. ही येशूची गोष्ट लिहिणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची चिन्हं. देवदूतांच्या पंखांवर तर डोळेच डोळे, कारण त्यांना सगळं दिसतं!

म्हणजे बैल दिसला की लगेच नंदी म्हणायचं नाही आणि गरुड दिसला की विष्णूला शोधायचं नाही. आधी विचारायचं, ही भिंत कुणाची?

अंबरनाथला जाताना वही-पेन्सिल न्या. मूर्तींना हात मात्र लावू नका, हाताचा घाम आणि तेल दगडावर बसतं. आणि ब्रह्मदेव सापडला, तर त्याचं चित्र काढून आम्हाला नक्की पाठवा.